खाली उभी असलेली माणसं

बुधवारी सकाळी नीला रत्नपारखी ऑफिसात शिरली तेव्हा घसरगुंडीच्या शेजारच्या भिंतीवर एक मोठा फलक लागलेला होता. वर पिवळ्या अक्षरांत ‘आम्ही घसरलो!’ असं लिहिलेलं, आणि खाली ओळीनं फोटो. पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर घसरत येणारी माणसं, कुणाचे हात वर, कुणाचे डोळे गच्च मिटलेले, लेखा विभागातल्या जाड्या कारभारींचा चष्मा नाकावरून निसटलेला. तिनं सवयीनं रांगा मोजल्या. बी मोजायची सवय डोळ्यांना लागलेली, ती कुठंही सुटत नसे. एकशे अकरा फोटो होते आणि शेवटच्या रांगेत एक रिकामी चौकट. चौकटीत प्रश्नचिन्ह, आणि खाली तिचं नाव, बीज तपासणी विभाग. तिच्या मागून दोघंतिघं आत आले, फलकापाशी थांबले, हसले, आणि मग ती तिथंच उभी आहे हे पाहून जरा जास्तच मोठ्यानं ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणाले. नीलानंही म्हटलं. एका हातानं तिनं पदर घट्ट दाबून धरला होता. एवढ्याशा गोष्टीनं असं का व्हावं हे तिला कळेना, आणि कळेना म्हणून ती तिथून हलेना.

तेवीस वर्षांपूर्वी ती ‘प्रेमधान सीड्स’मध्ये लागली तेव्हा ही कंपनी म्हणजे धान्याच्या मोंढ्यातल्या दुकानामागच्या तीन खोल्या होत्या. जुगलकिशोर शेठ गादीवर बसत, आणि शेवटच्या खोलीत ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत बी ठेवून आठव्या दिवशी अंकुर मोजायचे, हे नीलाचं काम. शेठचा जिनेंद्र शाळेतून आला की तिच्या टेबलाशी उभा राही. बारा वर्षांच्या त्या पोराला तिनं चिमट्यानं अंकुर उचलायला शिकवलं होतं, साधा कोणता, वाकडा कोणता, कुजलेला कोणता. आता शेठ घरी असतात आणि जिनेंद्र कंपनी चालवतो. बायपासवर त्यानं ही दुमजली काचेची इमारत बांधली. झोपाळे, बीनबॅगा, टेबल टेनिस, भिंतीवर चढायचे रंगीत दगड. बैठकीच्या खोल्यांना नावं ‘धमाल’, ‘धिंगाणा’, ‘निवांत’. पगारातल्या कपातीबद्दल बोलायला माणसाला ‘धमाल’मध्ये बोलावलं जाई. आणि मध्यभागी, जिन्याला लागून, ती पिवळी उघडी घसरगुंडी. दर सोमवारी दहा वाजता सगळ्यांनी वर जायचं, एकेकानं घसरत खाली यायचं, मागच्यानं पुढच्याला हलकेच ढकलायचं, खालच्यांनी टाळ्या वाजवायच्या. खाली फोन तयारच असत. व्हिडिओ ‘प्रेमधान परिवार’ या ग्रुपवर जात. आठ सोमवार झाले होते. पहिल्या सोमवारी तिची मोजणी होती, दुसऱ्या सोमवारी कंबर धरली, तिसऱ्या सोमवारी ती शहागडच्या बियाण्यांच्या प्लॉटवर गेली. नंतर कारणं द्यायची गरज उरली नाही, कारण कुणी विचारतच नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं. फलक पाहिल्यावर कळलं की विचारत नव्हते, पण मोजत होते.

“ताई, पाह्यलं का?” जिनेंद्र मागून आला. हातात कॉफीचा मग, चेहरा उजळलेला. तो इतरांना नावानं हाक मारी, तिला मात्र अजून ताईच म्हणे. “आता बहाणा न्हाई चालणार. सोमवारी बंगळूरचे पाहुणे येऊन राह्यले, आपल्यात पैसा लावणारे. त्यांना मी सांगितलं, आमच्याकडं शिपायापासून मालकापर्यंत सगळे घसरतात. एकशे बारा म्हणजे एकशे बारा.”

“जिनेंद्र, मला ते जमत नाही.”

“काय जमायचं त्यात? बसायचं अन् सोडून द्यायचं. माझी आई आली परवा, चौऱ्याहत्तर वर्षांची. म्हणाली मी पण जाते. मीच न्हाई म्हणलं.” तो हसला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, “नव्या प्लांटच्या तपासणीचं कोण पाहील, तेही त्याच दिवशी ठरवू. पाहुण्यांना भेटवायचंय तुम्हाला. माझ्या डोक्यात तुमचंच नाव आहे, बिलकुल.” दोन्ही वाक्यं त्यानं शेजारीशेजारी ठेवली होती, मध्ये काहीच जोडलं नव्हतं. धमकी देणारा माणूस नव्हताच तो. त्याला खरोखर ती हवी होती, प्लांटवरही आणि फलकावरही. त्यामुळेच त्याला काही म्हणता येत नव्हतं.

दुपारी तिनं सोयाबीनच्या एका लॉटची मोजणी घेतली. ओल्या कागदाची गुंडाळी उलगडली की आत पांढरट मुळं फुटलेली बियांची रांग दिसते आणि मातीचा नसलेला, तरी मातीसारखा वास येतो. एरवी या वासानं तिचं डोकं शांत होई. आज तिसऱ्यांदा मोजणी चुकली. चिमटा बाजूला ठेवून तिनं डोळे मिटले आणि तिला लोखंड तापल्याचा वास आला. मोती बागेतली घसरगुंडी. उन्हात तापलेली, अकरा पायऱ्यांची. ती दहा वर्षांची होती, अंगात आईनं शिवलेला निळा फ्रॉक. वर पोचल्यावर ती बसणार तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. खाली पाचसहा पोरं उभी होती. त्यांच्या माना एका विचित्र कोनात कलल्या होत्या. एकजण तर उकिडवाच बसला होता. ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. त्यांच्यात तिचा थोरला भाऊ अवधूतही होता, आणि तोही हसत होता. काय ते तिला तेव्हा नीट कळलं नाही, पण शरीराला कळलं. तिनं एका हातानं फ्रॉक गुडघ्यांत दाबला, दुसऱ्या हातानं कठडा धरला. परत फिरावं तर पायऱ्यांवर पोरींची रांग. मागची पोरगी म्हणत होती, “बस ना गं, बस ना.” ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. मग मागून धक्का आला. ती खाली आली तेव्हा फ्रॉक कमरेच्या वर होता. पोरांतला एक काहीतरी एक शब्द बोलला. त्या शब्दाचा अर्थ तिला पुढं चार वर्षांनी कळला, आणि तो कळला त्या दिवशी ती जेवली नाही. घरी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय झालं होतं? घसरगुंडीवरून सगळीच पोरं घसरतात.

ती गोष्ट आपण विसरलो आहोत असं ती चाळीस वर्षं समजत होती. आठ सोमवार ती जी कारणं देत होती ती खरी आहेत असंही समजत होती. आता काचेतून पलीकडे पिवळा उतार दिसत होता, आणि तिच्या लक्षात आलं की या इमारतीत आल्यापासून आपण टेबल असं लावून घेतलंय की त्याच्याकडे आपली पाठ राहावी. आज फक्त मान वळली होती.

संध्याकाळी घरी कल्याण टीव्हीसमोर शेंगा सोलत बसला होता. पंचवीस वर्षांचा संसार, माणूस मवाळ, बँकेतून नुकताच निवृत्त झालेला. फलकाचं ऐकून तो खूश झाला. “अगं मंग घसरून टाक ना एकदा. दोन सेकंदाचं काम. साडीचं म्हणशील तर चिन्मयीचा एखादा ड्रेस घाल.” चिन्मयी त्यांची मुलगी, नागपूरला शिकायला होती. नीला आत गेली, मुलीच्या कपाटातला सलवार कमीज अंगाला लावून आरशासमोर उभी राहिली. ड्रेस बसला असता. पण आरशातल्या बाईचा एक हात मांड्यांवर घट्ट दाबलेला होता. ते तिनं पाहिलं आणि ड्रेस घडी घालून ठेवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं पुण्याला अवधूतला फोन लावला. सणावारालाच बोलणं व्हायचं, त्यामुळे तो दचकला.

“सगळं बरंय ना?”

“बरंय. दादा, तुला मोती बागेतली घसरगुंडी आठवते का?”

“घसरगुंडी होती का तिथं? मला तर तळंच आठवतं. अन् भेळ. का गं?”

“तू अन् ती गल्लीतली पोरं खाली उभे होते. मी वर होते. निळा फ्रॉक होता.”

पलीकडे तो खरंच आठवून पाहत होता. “न्हाई बुवा. पडल्ती का तू तिथं?”

“नाही,” ती म्हणाली. “पडले नव्हते.” त्यानं बीपीची गोळी चालू आहे ना विचारलं, तिनं हो म्हटलं, आणि फोन ठेवला. त्याचा राग यावा असं तो काही बोलला नव्हता. तो खोटंही बोलत नव्हता. तेच रात्री जेवताना तिच्या डोक्यातून जाईना. तिच्या हाडात बसलेली दुपार त्याच्याकडे नव्हतीच. हसून झालं होतं, आणि हसणाऱ्याकडे काही शिल्लक राहिलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ग्रुपवर विक्री विभागाच्या संपतनं महिन्याचं उद्दिष्ट पुरं झाल्याची बातमी टाकली आणि खाली एक स्टिकर चिकटवलं. हे स्टिकर गेले तीन आठवडे ग्रुपवर फिरत होतं. सकाळी सुप्रभात म्हणून, कुणाच्या वाढदिवसाला, पाऊस येणार म्हणून. नीला ते बोटानं वर सरकवून देत असे. आज तिनं पहिल्यांदा त्यावर बोट ठेवलं आणि ते मोठं केलं. घसरगुंडीवरून येणारी एक मुलगी, तोंड उघडं, कुर्ता पार पोटाच्या वर गेलेला, आणि त्यावर लिहिलेलं, ‘मार्केटमध्ये उडी!’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मुलगी भार्गवी होती. भार्गवी तिच्याच विभागात, तिच्यापासून दोन टेबलं सोडून बसत होती. पिंपळगाव रेणुकाईची, चोवीस वर्षांची, सात महिन्यांपूर्वी लागलेली, कामाला चोख. या क्षणी ती पाठमोरी, ट्रेमध्ये कागद भिजवत होती. तिच्या कुर्त्याच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंनी सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. शुक्रवार होता, तरी पिना होत्या.

“भार्गवी, इकडं ये जरा.” नीलानं फोन तिच्यापुढं धरला. “हे कुणी केलं?”

भार्गवीनं एकदाच पाहिलं आणि नजर ट्रेकडे नेली. “सेल्सवाल्यांनी. गंमत म्हणून मॅडम.”

“तुला चाललं?”

“मी पण हसरा चेहरा टाकल्ता त्याच्यावर.” ती ओले हात ओढणीला पुसत राहिली. “न टाकला असता तर म्हणले असते हिला राग आला. मंग आणखी फिरवलं असतं. आता सोमवारी आतून जाड पँट घालते. पिना लावते. काही दिसत न्हाई आता.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही पण ग्रुपवर आहात ना मॅडम.” हे ती उलट बोलत नव्हती, साधं सांगत होती. नीलानं फोन टेबलावर पालथा ठेवला. तीन आठवडे. प्रत्येक वेळी ते चित्र तिच्याच अंगठ्याखालून वर सरकलं होतं. भार्गवी पुढं म्हणाली, “तक्रारीचं म्हणाल तर नको. जूनमध्ये मला पक्कं करायचं हे. अन् बाबांच्या कानावर गेलं तर ते विचारणार न्हाईत कुणाची चूक ते. सरळ गावाकडं बोलवून घेतील.” ती जायला वळली, मग थांबली. “तुम्ही सोमवारी जाणार का मॅडम, घसरगुंडीवर?”

“माहीत नाही.”

“जाल तर जा. पण तुम्ही एकट्याच राह्यलेल्या. तुम्ही न्हाई म्हणता, तर आम्हाला वाटतं न्हाई म्हणता येतं. म्हणून विचारलं.”

शनिवार-रविवार नीलानं घर आवरलं, गरज नसताना सगळे डबे घासले. डोक्यात वाक्यं तयार होत आणि मोडत. ‘जिनेंद्र, मला तुमच्याशी बोलायचंय.’ मग तो म्हणेल, बोला ना ताई. मग काय? निळा फ्रॉक सांगायचा? पन्नास वर्षांच्या बाईनं? आणि तो न सांगता नाही म्हटलं तर उरतो नुसता हट्ट. नवा प्लांट जाईल. तिला तो हवा होता. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या सहीखाली अंकुर मोजल्यावर स्वतःची प्रयोगशाळा हवी असण्यात काही गैर नव्हतं. दोन सेकंदाचं काम, कल्याण बरोबरच म्हणत होता. सोमवारी सकाळी तिनं साडी नेसली. निऱ्या नेहमीपेक्षा घट्ट खोचल्या, आणि त्या घट्ट खोचताना आपण काय ठरवतो आहोत हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

दहा वाजता सगळे वर जमले. बंगळूरचे तिघं पाहुणे, दोन पुरुष आणि एक वयस्क बाई, खाली, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, पंख्याखालीही घामेजलेले. जिनेंद्र खाली फोन धरून. गाणं लावलेलं. एकेक जण खाली जात होता, उतार धडधडत होता, टाळ्या पडत होत्या. नीलाच्या मागं, रांगेत शेवटची, भार्गवी होती. रांग सरकत होती तशी नीला मोजत होती, पुढं नऊ, पुढं पाच, पुढं दोन. मग पुढं कुणी नव्हतं. पिवळा प्लास्टिकचा उतार तिच्या पायांपासून निघून खाली गेला होता. खालून आरोळी उठली, “नी-ला-ता-ई! नी-ला-ता-ई!” तिनं खाली पाहिलं. चेहरे वर झालेले. प्रेमळ चेहरेही होते त्यांत, कारभारी होते, शिपाई होते. आणि सगळ्यांत पुढं संपत एका गुडघ्यावर टेकून बसला होता, फोन खालून वर धरून, मान कलती करून. चांगला कोन मिळावा म्हणून.

तिचा हात निऱ्यांवर गेला. पाठीवर भार्गवीचा तळवा टेकला, रिवाजाप्रमाणे. नीलाचं सगळं अंग धक्क्याची वाट पाहत आवळलं.

“मी ढकलत न्हाई मॅडम,” मागून अगदी हळू आवाज आला. “तुमचं तुम्ही ठरवा.”

मागं पायऱ्यांवर दाटलेली रांग नव्हती. मागं मोकळी फरशी होती, बाजूला जिना होता. इतकं साधं होतं ते. नीला वळली आणि जिन्यानं उतरायला लागली. आरोळी एकदोन पायऱ्यांपर्यंत चालू राहिली, मग तिचे तुकडे झाले, मग फक्त गाणं उरलं. तिनं कठडा धरला. शेवटच्या पायरीवरून ती गर्दीत उतरली तेव्हा माणसं बाजूला सरली, कुणी नजर देईना. आता आपल्या टेबलापाशी जावं आणि काम सुरू करावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण सवयीनं, सगळे जिकडे पाहत होते तिकडे तिनंही पाहिलं. वर. उताराच्या तोंडाशी भार्गवी बसली होती. इथून काय दिसतं ते नीलाला पहिल्यांदा दिसलं. पिना दिसत होत्या. पिनांच्या वर ताणलेलं कापड दिसत होतं. भार्गवी हसत होती, आणि ते हसू तिच्या तोंडावर नुसतं ठेवलेलं होतं. कुणीतरी वातावरण सावरायला ओरडलं, “भार्गवी, उडी!” बाकीच्यांनी ते उचललं. नीला त्या सगळ्यांच्या मध्ये उभी होती, मान वर करून, त्यांच्यासारखीच.

ती चालत घसरगुंडीच्या पायथ्याशी गेली आणि उताराकडे पाठ करून, फोनांकडे तोंड करून उभी राहिली.

“ताई,” जिनेंद्र हसत म्हणाला, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं, “फ्रेममध्ये येऊन राह्यलात.”

“हो.”

“जल्दी बाजूला व्हा ना. ती येईल अंगावर.”

“नाही होणार. आधी फोन खाली घ्या. सगळ्यांनी.” आवाज तिला वाटला होता त्याहून लहान निघाला, पण तेवढ्यात कुणीतरी गाणं बंद केलं आणि तो सगळीकडे पोचला. “संपत, तू उठ आधी.”

संपत उठला नाही. त्यानं जिनेंद्रकडे पाहिलं. जिनेंद्रनं पाहुण्यांकडे. त्यांना मराठी कळत नव्हतं, ते गोंधळून हसत होते. मग त्यांतल्या वयस्क बाईनं नीलाच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आपला फोन पर्समध्ये ठेवला. त्यानंतर कारभारींनी ठेवला. मग एकेक हात खाली आला. नीला मागं वळून पाहू शकत नव्हती. मागं उतार धडधडला असता तर तिला पाठीवर कळलं असतं. तो धडधडला नाही. बऱ्याच वेळानं जिन्यावर चपलांचा आवाज आला, सावकाश, एकेक पायरी.

पाहुण्यांना चहाला बसवून जिनेंद्रनं तिला ‘निवांत’मध्ये बोलावलं. तिथं खुर्च्या नव्हत्या, गाद्या होत्या. दोघंही उभेच राहिले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “तेवीस वर्षांत तुम्ही मला असं कधी केलं न्हाई, ताई. पाहुण्यांसमोर! नव्या प्लांटचं आता मी कोणत्या तोंडानं तुमचं नाव घेऊ? आज तर न्हाईच जमणार.”

“बरं,” नीला म्हणाली. ते ऐकून छातीत कळ आली, पण ती कळ कुठून आली हे तिला माहीत होतं, म्हणून ती सोसता आली. तिनं फोन काढला, ते चित्र मोठं केलं आणि त्याच्या हातात दिला. “हे ग्रुपवर कितीदा आलं पाहा. मी मोजलंय. सत्तावीस वेळा.”

तो पाहत राहिला. अंगठा स्क्रीनवर खाली गेला, हसऱ्या चेहऱ्यांच्या यादीपाशी, आणि तिथंच राहिला. काचेच्या भिंतीपलीकडे कपबशांचा आवाज येत होता.

“मी पाह्यल्तं हे,” तो म्हणाला. “हसल्तो पण. माझं नाव हे इथं.”

“दिसलं मला. आणि मी तीन आठवडे बोटानं पुढं ढकलत होते. माझं नाव कुठंच नाही, एवढाच फरक.”

“तुम्ही मला आधी एकट्याला सांगायचं होतं.”

“हो. सांगायचं होतं.”

रागानं भरून आलेला त्याचा चेहरा हळूहळू रिकामा झाला, आणि त्या रिकामेपणात तिला क्षणभर चिमटा हातात धरून चुकलेला पोरगा दिसला. तिला त्याची कीव आली, तरी तिनं त्याला सोडवलं नाही. “मंग आता काय करू?” तो म्हणाला. “संपतला काढू? ग्रुप बंद करू?”

“मला नका विचारू. तिला विचारा. आणि इथं बोलावू नका तिला, तुम्ही जा तिच्या टेबलाशी. आणि हेही सांगा तिला, की तिची नोकरी जूनमध्ये याच्यामुळं जाणार नाही.”

“पाहुणे बसलेत, ताई.”

“बसू द्या.”

तो दाराशी थांबला. तिला वाटलं, आता वळेल, काहीतरी मोठं बोलेल. त्यानं फक्त तिचा फोन तिच्या हातात परत दिला. काचेतून ती पाहत राहिली. तो पाहुण्यांजवळून गेला, त्यांच्याशी थांबला नाही. तपासणी विभागात शिरला. भार्गवी ओल्या कागदाची गुंडाळी हातात घेऊन उभी राहिली. तो काही बोलला, थोडं. मग हात खाली सोडून उभा राहिला. भार्गवीनं आधी मान हलवली, नाही नाही अशी. मग गुंडाळी टेबलावर ठेवली. मग ती बोलायला लागली. शब्द ऐकू येत नव्हते. नीला गादीवर बसली, पण नजर काढली नाही. भार्गवी बोलत होती. जिनेंद्र मध्ये बोलत नव्हता. ती बराच वेळ बोलत होती.